पंचनाम्यात नसलेली सीडी

मित्रांनो, मी एक जुना सीडी रायटर आहे. 'आहे' म्हणताना मला जरा चाचरायला होतं. का, ते शेवटी सांगतो. आत्ताच सांगितलं तर तुमच्यातले काही जण ऐकायचं सोडून दिवा लावायला उठतील.

तुमच्यापैकी पुष्कळांनी सीडी फक्त गॅलरीत टांगलेली पाहिली असेल. कबुतरं यायला नकोत म्हणून लोक दोऱ्याला बांधून सोडतात ती चमकती चकती. तिच्यावर एके काळी गाणी असत. ती गाणी चकतीवर लिहिण्याचं काम माझं. कबुतरं चकतीच्या चमकण्याला घाबरतात असं लोक समजतात. समजू देत.

माझा जन्म मलेशियातल्या एका कारखान्यात झाला, असं माझ्या पाठीवरची चिठ्ठी सांगते. मला स्वतःला आठवत नाही. जन्म कोणालाच आठवत नाही, म्हणून तर दाखला लागतो. नव्व्याण्णव साली मी पुण्यात आलो. पासोड्या विठोबाच्या देवळापाशी एका दुकानाच्या काचेत मी तीन आठवडे बसून होतो. तिथून संपतने मला उचललं, स्कूटरवर पायांच्या मधे ठेवलं आणि बिबवेवाडीला, अप्पर म्हणतात त्या वस्तीच्या शेवटच्या बसथांब्याजवळ, आपल्या दुकानात नेलं. दुकानाला त्याने बायकोचं नाव दिलं होतं, 'दीपमाला म्युझिक'. एका पांढऱ्या कॉम्प्युटरच्या डब्यात त्याने मला बसवलं आणि शेजारपाजाऱ्यांना बोलावून माझं तोंड उघडून दाखवलं. लोक म्हणाले, "वा!" दात नसलेल्या तोंडाचं इतकं कौतुक मी परत कधी पाहिलं नाही.

माझं तोंड विजेवर उघडतं. पण ओठाखाली टाचणीएवढं एक भोक आहे. वीज गेली की त्यात सरळ केलेली जेम क्लिप घालून दाबायचं, मी निमूट आ करतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे पोलिसांच्या लक्षात राहिली नाही.

दोन हजार एक सालच्या मार्चमध्ये बद्रीनाथ ओव्हाळ दुकानात आले. एस. टी.च्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, बोटात जाड अंगठी. नाव बद्रीनाथ कसं, हे लोक त्यांना विचारत. ते म्हणत, "छप्पन साली वडिलांनी देव सोडले. मी तोवर बारशाला बसून उठलो होतो." दर जयंतीला त्यांची गायनपार्टी गायची. त्र्याऐंशी साली एका कॅसेट कंपनीने त्यांची आठ गाणी भरून घेतली होती. कंपनीचं नाव मी घेत नाही. न जाणो, तेही त्यांच्याच हक्कात येत असेल.

"जय भीम, संपतराव. ही शेवटची कॅसेट उरली आहे," ते म्हणाले. "टेप विरत चाललीय. हिची ती थाळी करून द्या."

"सीडी म्हणतात काका."

"म्हणू दे. गाईल ना?"

कॅसेटमधून कॉम्प्युटरमध्ये आवाज घ्यायला एक वायर लागते. संपतकडची वायर उंदरांनी खाल्ली होती. नवी आणायची तर बुधवार पेठेत जावं लागलं असतं, आणि दुपारी एकला पुण्यात कोणी कुठे जात नाही. मग त्याने आपल्या पद्धतीने मार्ग काढला. टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला, त्याच्यासमोर माइक ठेवला, दोन्हीवर रुमाल टाकला आणि म्हणाला, "काका, आता तासभर गप्प बसायचं. माइक सगळं घेतो."

गाणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाण्यासमोर गप्प बसायला सांगणं म्हणजे सापाला पुंगीकडे पाठ करायला सांगण्यासारखं. बद्रीनाथ पहिली दोन गाणी गप्प बसले. तिसऱ्या गाण्याच्या मधोमध माझंच चुकलं. उघडं राहिलेलं माझं तोंड आपोआप मिटलं आणि 'टक्' असा आवाज झाला. माइकने तो घेतला. संपतने कपाळाला हात लावला. बद्रीनाथ हसले, आणि हसल्यावर त्यांचं गप्प बसणंच मोडलं.

गाणं संपलं. टेपवर नुसती चर्र उरली. आणि त्या चर्र आवाजावर म्हातारे बद्रीनाथ तोंड मिटून गुणगुणायला लागले. पुढचं गाणं सुरू झालं की थांबायचे. ते संपलं की परत गुणगुण.

"काका! गाणं संपलं ना?"

"संपलं नाही. कापलं." त्यांनी अंगठीने टेबलावर ठोकलं. "शेवटच्या कडव्यात गाणाऱ्याचं नाव येतं की नाही? 'अमुक म्हणे, तमुक म्हणे'? ती आपली रीतच आहे. कंपनीच्या साहेबाने घड्याळ बघितलं. एका बाजूला तीस मिनिटं, चार गाणी बसत नव्हती. म्हणाला, शेवटचं कडवं काढा, आठही गाण्यांचं. कव्हरवर छापलं, 'जयंती विशेष, समूहगीते'. सही माझी घेतली आणि नाव ठेवलं नाही."

"सही कशावर?"

"कागदावर. म्हणाले, सगळे हक्क आमचे, आत्ताच्या आणि पुढे शोध लागतील त्या सगळ्या यंत्रांवरचे."

मित्रांनो, हिशोब बघा. माझ्या जन्माच्या सोळा वर्षं आधीच मी कोणाचा ते कोणीतरी लिहून ठेवलं होतं.

ओव्हाळांची पहिली सीडी मी त्या दिवशी लिहिली. बद्रीनाथांनी जाड पेनाने तिच्यावर लिहिलं, 'हिराचे'. हिरा ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती तेव्हा कर्वेनगरला एका कॉलेजच्या ऑफिसात नुकतीच लागली होती. सीडी घेऊन ते गेले आणि पावसाळा संपता संपता वारले.

पुढच्या एप्रिलमध्ये सगळी वस्ती संपतकडे आली. सगळ्यांना ओव्हाळांची गाणी हवी होती. कंपनी ती कॅसेट काढत नव्हती, विकत नव्हती, आणि दुसऱ्याने काढू नये म्हणून कपाटात जपूनही ठेवत नव्हती. संपतने माझ्यावर टॉवेल टाकून मला कामाला लावलं. मी दिवसाला तीस सीड्या लिहिल्या. कायद्याच्या भाषेत याला चोरी म्हणतात. मी कायदा शिकलेलो नाही. मी फक्त लेझर शिकलो होतो. पण चोरायचा माल आधी मालकाच्या घरी असावा लागतो, आणि हा तर मालकाच्याही घरी नव्हता, एवढं मला कळत होतं.

आणि मग ते सुरू झालं.

वस्तीतल्या मथुराबाई सीडी परत घेऊन आल्या. "संपत, बदलून दे. हा म्हातारा गाणं संपल्यावर बोलतोय."

"बोलत नाही मावशी, गुणगुणतोय. काकाच आहेत ते. माइकमध्ये आले."

"ओव्हाळ होय? मला काय आवाज ओळखत नाही? मागच्या महिन्यात घेतली तेव्हा गुणगुणत होते. फुटली म्हणून काल दुसरी नेली. हिच्यात अक्षर फुटलंय."

संपत हसला. मथुराबाई हसल्या नाहीत. त्याने सीडी माझ्या तोंडात घातली. तिसरं गाणं, मधोमध माझा 'टक्', शेवट, चर्र. आणि चर्र आवाजाखाली एक अक्षर. ओठ किंचित उघडल्यासारखं. 'ब'.

संपतने ती बदलून दिली. दुसऱ्या सीडीत दोन अक्षरं होती. तेव्हा त्याने आवाज बंद केला आणि म्हणाला, "मावशी, ही फुकट घ्या."

मित्रांनो, मी यंत्र आहे, थाप मारायची सोय माझ्यात नाही. मला जे दिलं जातं ते मी लिहितो. शून्याला शून्य, एकाला एक. शंभरावी सीडी पहिलीसारखीच असते. कॅसेटसारखी आमची नक्कल झिजत नाही, हाच तर आमचा मोठेपणा. तरी सांगतो, प्रत्येक नकलेत ते गुणगुणणं थोडं उघडत होतं. नक्कल झिजत नव्हती हे खरंच, पण ती वाढत होती. मी लिहिलेलं नव्हतं ते माझ्याच हातून उतरत होतं. रिकाम्या घरात आपल्याच चपलांचा आवाज आपल्या पुढे चालावा, तसं वाटायचं.

दोन हजार चार साली, जयंतीला तीन दिवस असताना, धाड पडली. सकाळचे अकरा वाजले होते. हिरा दुकानात होती. वडिलांच्या हातची ती पहिली सीडी, 'हिराचे' लिहिलेली, चरे पडून अडखळायला लागली होती. तिची चांगली प्रत करायला तिने ती आणली होती. संपतने ती माझ्या तोंडात घातली, मी तोंड मिटलं, आणि त्याच क्षणी वीज गेली. भारनियमन. वीज गेली आणि पोलीस आले. त्या वर्षी दोन्हींचं वेळापत्रक पेपरात येत नसे.

पोलिसांबरोबर कंपनीची दोन माणसं होती. टाय लावलेली, घामाघूम. जुनी कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती, आणि कपाटात काय काय आहे हे मोजताना त्यांना बद्रीनाथ सापडले होते. म्हणजे कागद सापडला होता. मूळ टेपला बुरशी लागली होती.

पंच म्हणून समोरचा इस्त्रीवाला आणि एक गिऱ्हाईक बसवलं. पंचनामा नऊ पानांचा झाला. त्यात दुकानातलं कॅलेंडर होतं, स्टूल होतं, 'दोनशे बारा सीड्या, रंग चंदेरी' होत्या, 'कॉम्प्युटर एक, रंग पांढरा परंतु मळका' होता. 'कंपनीच्या प्रतिनिधींस नमुन्यादाखल दोन सीड्या पावतीवर दिल्या' असंही होतं.

"साहेब," हिरा म्हणाली, "माझी सीडी आत आहे. मशीनच्या आत. ती माझ्या वडिलांची आहे."

"उघडा मग," साहेब म्हणाले.

"लाइट नाही साहेब. जेम क्लिप द्या, मी काढतो," संपत म्हणाला.

"आरोपीच्या हातात अणकुचीदार वस्तू द्यायची?" साहेब दोन्ही पंचांकडे बघून म्हणाले. पंचांनी माना हलवल्या. इस्त्रीवाला दिवसभर जळता कोळसा हाताळायचा, पण त्यालाही क्लिपचं भय पटलं. "मॅडम, कोर्टात अर्ज करा."

मला पोत्यात घातलं, सुतळी बांधली, लाखेचं सील लावलं. माझ्या पोटात हिराची सीडी होती. पंचनाम्यात ती नव्हती. नऊ पानांत स्टुलाचा मोडका पायसुद्धा होता, ती नव्हती.

मी पंधरा वर्षं मुद्देमालाच्या खोलीत होतो.

पोलीस ठाण्यामागची ती खोली, उंच झरोका, शेल्फांवर माणसांच्या भांडणांचे पुरावे. एक वरवंटा होता, त्याच्याशी कोणी बोलत नसे. सायकली होत्या. कोणाचं तरी लग्नातलं पातेलं होतं. मुद्देमालाचे कारकून आप्पासाहेब कात्रजहून यायचे. दुपारी डबा तिथेच खायचे, ताकाची पिशवी दातांनी फोडायचे. माझ्या पोत्याला चिठ्ठी होती, 'मुद्देमाल क्र. २९'.

त्या खोलीत माझ्यापर्यंत वीज येत नव्हती. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढचं कोणी विचारलं तर मला हेच सांगायचं आहे. वीज नव्हती. मोटार थंड होती. लेझर मिटलेला होता. तरी दुपारी बाराच्या सुमाराला, झरोक्यातून ऊन आत आलं की, पोटातली सीडी फिरायची. एकच वळसा. झोपेत कूस बदलावी तसा. आणि त्या वळशाबरोबर आत, अगदी आत, कोणीतरी घसा साफ करायचं.

मी म्हटलं, माझा भ्रम असेल. मग आप्पासाहेब एकदा घास हातात धरून थांबले आणि पोत्याकडे बघून म्हणाले, "एकोणतीस, जेवताना गाऊ नये."

त्या दिवसानंतर ते बाहेर व्हरांड्यात जेवायला लागले. पण काही महिन्यांनी मी ऐकलं, व्हरांड्यात ते स्वतःच गुणगुणत होते. ती चाल मला पाठ होती. त्यांनी ती कुठे ऐकली असेल? सील तर तसंच होतं.

हिरा दर वर्षी एप्रिलमध्ये यायची. अर्ज, अर्जाची प्रत, प्रतीची पोच. पिशवीत एक जुना, कानाला लावून ऐकायचा सीडी प्लेयर असायचा, त्यात नवे सेल. सीडी मिळाली तर तिथेच ऐकायची, या हिशोबाने.

"ताई, केस चालू आहे तोवर मुद्देमाल हलत नाही," आप्पासाहेब म्हणायचे.

"केस कधी चालते?"

"चालू आहे म्हणालो. चालते असं नाही म्हणालो."

डब्यातली हार्ड डिस्क सील लागण्याआधीच काढून तपासणीला गेली होती. दोन वर्षांनी परत आली तेव्हा अहवालात लिहिलं होतं, 'कोरी आढळली'. कोणी कोरी केली ते लिहिलेलं नव्हतं. वस्तीतल्या सीड्या एकेक करून बाद झाल्या, चकत्या गॅलऱ्यांमध्ये गेल्या. मथुराबाईंकडे एक उरली होती, तिच्यावरून हिराने गाणी इंटरनेटवर टाकली. नवव्या दिवशी ती उडाली.

हिराने हे आप्पासाहेबांना सांगितलं तेव्हा मी ऐकत होतो. "तिकडे माणूस नाही, आप्पासाहेब. एक यंत्र आहे, ते सगळी गाणी ऐकतं. म्हणालं, हे गाणं कंपनीचं आहे. मग एक फॉर्म आला. तुम्ही या गाण्याच्या मालक आहात का? हो किंवा नाही."

"काय लिहिलंत?"

"मुलगी, असा पर्याय नव्हता."

त्या वर्षांत पेपरात रोज इंटरनेटवर काहीतरी असायचं. सरकारने अमुक साइट बंद केली, तरुण पोरं म्हणाली बंद करू नका, गाणं बनवणारे म्हणाले करा, तिघंही आपापल्या मोबाइलवर फुकटची गाणी ऐकत होते. बारा साली दिल्लीत कायदा बदलला. आप्पासाहेबांनी बातमी कापून ठेवली होती. हिरा आल्या आल्या त्यांनी पुढे केली. "घ्या ताई, झालं तुमचं काम. गाणाऱ्याचं नाव गाण्याला लागलंच पाहिजे, हा त्याचा हक्क आहे म्हणतात. तो गेला तर वारसांनी मागायचा."

"वाचली मी," हिरा म्हणाली. "कंपनीला पत्रही लिहिलं. उत्तर आलं. आमच्या कागदांत गायक म्हणून 'समूह' अशी नोंद आहे. आपले वडील त्यात होते याचा पुरावा पाठवावा. समूहाला वारस नसतात, आप्पासाहेब."

आता तुम्हाला कळलं असेल की तिला काय हवं होतं. गाणी तर आता कंपनीच इंटरनेटवर विकत होती, घरबसल्या ऐकता येत होती. तिला बापाचं नाव हवं होतं. बापाचं नाव आठ ठिकाणी होतं, आणि आठही ठिकाणी कापलेलं होतं.

तिने मोबाइलवर कंपनीचं गाणं लावलं. 'मूळ टेपवरून, आधुनिक तंत्राने स्वच्छ केलेलं' अशी त्याची जाहिरात होती. मी पोत्यात कान दिला. तिसरं गाणं. मधोमध...

टक्.

मित्रांनो, आपल्याच वर्गातल्या कोणाच्या तोंडून आपली नक्कल ऐकली तर कसं वाटतं? तो टक् माझा होता. त्र्याऐंशी सालच्या टेपवर तो कुठून येणार? मूळ टेपला तर बुरशी. कंपनीने 'मूळ' म्हणून जी सीडी घेतली होती ती धाडीत पावतीवर नेलेली नमुन्याची सीडी होती. चोरीचा माल म्हणून पकडलेला आणि मालकी म्हणून विकलेला, एकच.

गाणं संपलं. स्वच्छ शांतता. आणि त्या स्वच्छ केलेल्या शांततेत, तळाशी, म्हाताऱ्या आवाजात, "बद्री..."

हिराने ते परत लावलं. "मागच्या वर्षी एवढं नव्हतं," ती हळूच म्हणाली. "मागच्या वर्षी, यांनी पुसून पुसून, नुसतं 'ब' उरलं होतं."

"किती लोकांनी ऐकलं हे?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"खाली लिहिलंय. दोन लाख."

जितकं ऐकतील तितकं उघडत होतं. पण 'बद्री'वर कोर्ट चालत नाही. कंपनीने उत्तर दिलं, 'सदर आवाज हा तांत्रिक दोष असून दुरुस्तीचे काम चालू आहे.' कंपनीच्या इंजिनियरांनी शेवटचे दहा सेकंद कापले. आवाज त्याच्या अलीकडच्या दहा सेकंदांत आला. ते आणखी कापायला निघाले तर गाणंच संपत आलं, तेव्हा त्यांनी कापणं सोडलं.

दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये केसचा निकाल लागला. संपत सुटला. तोवर तो मोबाइलची कव्हरं विकत होता आणि त्याला कोणत्या गुन्ह्यातून सुटलो हे वकिलाला विचारावं लागलं. निकालाच्या शेवटी एक ओळ होती, 'मुद्देमाल निरुपयोगी असल्याने नष्ट करावा.' शुक्रवारी सकाळी मैदानात रोडरोलर यायचा होता. आप्पासाहेब त्याच महिन्यात निवृत्त होणार होते.

शुक्रवारी सकाळी नऊलाच हिरा आली. अर्ज नव्हता. पिशवी मात्र होती.

"उघडू द्या, आप्पासाहेब. पाच मिनिटं."

"ताई, निकाल आहे. मुद्देमालातली एक सुतळी मी देऊ शकत नाही." त्यांनी रजिस्टर उघडलं, चष्मा पुसला आणि नऊ पानी पंचनामा बोट ठेवून पहिल्यापासून वाचला. पंधरा वर्षांत तो पहिल्यांदाच कोणी पूर्ण वाचत होतं. "कॉम्प्युटर एक. सीड्या दोनशे बारा. स्टूल. कॅलेंडर." त्यांनी वर पाहिलं. "मशीनच्या आत सीडी होती म्हणता?"

"होती. सांगितलं होतं मी तेव्हाच."

"इथे नाही."

"अहो, पण ती..."

"ऐका ना जरा. पंचनाम्यात नाही म्हणजे जप्त झालेली नाही. जप्त झालेली नाही म्हणजे मुद्देमाल नाही. मुद्देमाल नाही ती वस्तू मी कशी नष्ट करू? माझ्यावर चौकशी लागेल." त्यांनी रजिस्टरमधल्या कागदांची जेम क्लिप काढली, सावकाश सरळ केली आणि टेबलावर ठेवली. "मी पाणी पिऊन येतो. पोतं उंदरांनी खाल्लंय, त्याला माझा इलाज नाही."

ते गेले नाहीत. दारात पाठ करून उभे राहिले.

हिराने पोत्याच्या भोकातून हात घातला. माझ्या ओठाखाली तिचं बोट फिरलं, भोक सापडलं. क्लिप आत आली. पंधरा वर्षांनी मी आ केला.

सीडी उन्हात धरून तिने पाहिली. 'हिराचे.' एकही चरा नव्हता. गेली तेव्हा चरे होते. कोणी पुसले ते मला विचारू नका. तिने प्लेयरमध्ये घातली, सरळ तिसरं गाणं लावलं, इयरफोनची एक गोळी स्वतःच्या कानात, एक आप्पासाहेबांच्या. त्यांनी मान वळवली नाही, पण कान पुढे केला.

मला ऐकू येत नव्हतं. मी पोत्याच्या भोकातून त्यांचे चेहरे बघत होतो. तिसरं गाणं संपल्याचं मला कळलं, कारण दोघांनी एकाच वेळी कानातली गोळी बोटाने दाबून धरली. आणि आप्पासाहेब, ज्यांनी हे गाणं जन्मात कधी लावलं नव्हतं, ते प्लेयरबरोबर, अक्षराला अक्षर लावून म्हणाले,

"बद्रीनाथ म्हणे, आम्ही वाट धरली,
अंधाराची शेवटली पायरी सरली..."

"तुम्हाला कसं माहीत?" हिराने विचारलं.

"मला वाटत होतं माझी आजी म्हणायची." त्यांनी प्लेयरकडे पाहिलं. "आजीला तर गाता येत नव्हतं."

आठ गाणी, आठ कडवी, आठ वेळा नाव. माइकसमोर बद्रीनाथ तोंड मिटून गुणगुणले होते, तेही तिसऱ्या गाण्यापासून, मी साक्षीला आहे. शब्द त्या सीडीवर मी लिहिलेले नाहीत. माझ्यात वीज नव्हती.

साडेदहाला रोलर आला. उरलेल्या दोनशे दहा सीड्या मैदानात पसरल्या, त्यांच्यावर मला ठेवलं. फार लागलं नाही. टक् झालं, इतकंच.

पुढचं थोडक्यात सांगतो. हिराने सीडीची आणि नऊ पानी पंचनाम्याची प्रत, पावतीच्या ओळीखाली रेघ मारून, कंपनीला पाठवली. नमुन्याची सीडी कुठे आहे एवढंच विचारलं. कंपनीने उत्तर दिलं नाही. कंपन्यांना लाज वाटली की त्या उत्तर देत नाहीत, दुरुस्ती करतात. तेराव्या दिवशी गाण्यांखाली 'समूह' गेलं आणि लागलं, 'गायक : बद्रीनाथ ओव्हाळ'. मालकीच्या रकान्यात अजून कंपनीच आहे. तो वाद दिल्लीत चालू आहे. चालतो असं मी म्हणत नाही.

त्या तेराव्या दिवसापासून सगळ्या प्रतींमधला म्हातारा आवाज थांबला. कंपनीच्या, मथुराबाईंच्या, लोकांनी चोरून ठेवलेल्या, सगळ्यांतला. गाणं संपतं आणि साधी शांतता येते. फक्त हिराच्या सीडीत तो आहे. ती वर्षातून एकदा लावते आणि शेवटपर्यंत ऐकते.

आता मगाशी राहिलेलं. रोलरखाली गेलेलं यंत्र तुमच्याशी बोलतंय कुठून?

मित्रांनो, तुमच्या घरी असं एखादं जुनं, बंद पडलेलं यंत्र असेल. टेप असेल, फोन असेल, माझ्यासारखा डबा असेल. ते भंगारात द्या, आमची तक्रार नाही, आमचं वय झालेलं असतं. पण देण्याआधी एकदा त्याचं तोंड उघडून बघा. आत कोणाचं काही राहिलंय का, आणि ते कोणाच्या यादीत लिहिलेलं आहे का, ते बघा. आणि ज्याचं गाणं ऐकाल त्याचं नाव विचारा. विचारलं नाही तर तो सांगायला येतो.

आणि कधी ओव्हाळांचं तिसरं गाणं लावलंत, तर मधोमध एक आवाज येईल. गाणं खराब आहे असं समजून पुढे ढकलू नका. जरा थांबा, मान द्या.

टक्.

मी आहे.